दरवाजा कोणाच्या ताब्यात? दक्षिण अमेरिकेतील स्टेडियमांचा इतिहास आणि आपण

खेळातल्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न आम्ही काढला की समोरून एक उत्तर ठरलेले असते. "खेळात जात आणू नका, मैदानावर फक्त गुणवत्ता चालते." हे बोलणारे शिकलेसवरलेले असतात. वाईट याचे वाटते की आपल्यातले काही तरुणही आता हेच बोलू लागले आहेत. या वाक्याला आज आम्ही वादाने उत्तर देणार नाही. इतिहास समोर ठेवणार आहोत. हा इतिहास दक्षिण अमेरिकेतला आहे, जिथल्या संघांचे झेंडे विश्वचषकाच्या दिवसांत कोल्हापूरच्या पेठांपासून गोव्यापर्यंत लागतात.

तिथले खेळाडू आपल्या पोरांना तोंडपाठ आहेत. पण ते ज्या स्टेडियमांत खेळले, ती कोणी बांधली, कोणासाठी बांधली, आणि सामना नसताना त्यांचा वापर कशासाठी झाला, हे फारसे कोणी सांगत नाही. स्टेडियम म्हणजे गवत आणि सिमेंट नव्हे. स्टेडियमला दरवाजे असतात. आत कोण खेळणार, कोण बसणार, कोणाला आत कोंडले जाणार आणि कोणाला शेजारून हुसकावले जाणार, हे दरवाजा ज्याच्या ताब्यात असतो तो ठरवतो.

कोणी विचारेल, दूरदेशीच्या काळ्या लोकांशी आपला काय संबंध? बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले होते. दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य त्यांनी त्यात नोंदवले होते. पुढे १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव कोठून घेतले, हे सांगायला नको. वर्णभेद आणि जातिभेद या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, त्यांना एकच समजण्याची चूक आम्ही करणार नाही. पण दरवाजा बंद करण्याच्या युक्त्या ओळखायला हा इतिहास उपयोगी पडतो.

नियम सर्वांना सारखे!

सुरुवात रिओ दि जानेरोपासून करू. ब्राझीलने गुलामगिरी कायद्याने रद्द केली ती १३ मे १८८८ रोजी, अमेरिका खंडात सर्वांत शेवटी. त्यानंतर दहा वर्षांनी, १८९८ मध्ये, पोर्तुगीज स्थलांतरितांनी रिओत नौकानयनाचा एक क्लब काढला. वास्को द गामाच्या भारतात येण्याला त्या वर्षी चारशे वर्षे होत होती, म्हणून क्लबला त्याचेच नाव दिले. नाव असे एका वसाहतवादी दर्यावर्द्याचे. पण १९०४ मध्ये याच क्लबने कांदिदो जोझे दे अराउजो या मिश्रवंशीय माणसाला अध्यक्ष केले. त्या काळच्या ब्राझीलमध्ये ही साधी गोष्ट नव्हती.

फुटबॉल तेव्हा रिओतल्या धनिकांचा खेळ होता. फ्लुमिनेन्से, बोटाफोगो, फ्लामेंगो हे श्रीमंत, गोऱ्या घराण्यांचे क्लब. वास्कोच्या संघात मात्र टॅक्सीचालक, रंगारी, गोदी कामगार होते. काळे, मिश्रवंशीय आणि गरीब गोरेही. १९२३ मध्ये हा संघ पहिल्यांदा वरच्या विभागात खेळला आणि पहिल्याच फटक्यात रिओचा विजेता झाला.

पुढे काय झाले ते नीट पाहा. कोणी काळ्यांना बंदी घातली नाही. मोठ्या क्लबांनी १९२४ मध्ये स्वतःची नवी संघटना काढली. तिचे नियम सर्वांना सारखे होते. खेळाडूला लिहितावाचता आले पाहिजे, त्याचा व्यवसाय 'प्रतिष्ठित' असला पाहिजे, त्याला खेळण्याचे पैसे मिळत नसावेत, आणि क्लबकडे स्वतःचे योग्य मैदान पाहिजे. वास्कोला सांगण्यात आले की तुमचे बारा खेळाडू या कसोटीत बसत नाहीत. त्यांना काढा आणि या. ते बारा कोण होते? जे खेळून जिंकले होते, तेच.

७ एप्रिल १९२४ रोजी वास्कोचे अध्यक्ष जोझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी उत्तराचे पत्र लिहिले. आशय सरळ होता. हे तरुण आमच्यासाठी जिंकले आहेत, त्यांचा बळी देऊन आम्ही तुमच्यात येणार नाही. हे पत्र ब्राझीलमध्ये 'ऐतिहासिक उत्तर' म्हणून ओळखले जाते.

आता एक आक्षेप. काही जण म्हणतात, मुद्दा वंशाचा नव्हताच, हौशी खेळाच्या तत्त्वाचा होता. वास्को लपूनछपून खेळाडूंना पैसे देत होता. हा आरोप खोटा नव्हता. वास्कोचे खेळाडू पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या दुकानांत नावापुरते नोकर होते आणि वेळ सरावात जात होता. पण आम्ही विचारतो, हौशी म्हणून खेळणे कोणाला परवडते? ज्याच्या घरी बाप कमावतो, त्याला. दिवसभर गोदीत ओझी वाहणारा माणूस संध्याकाळी फुकट सराव करील ही अपेक्षाच त्याला बाहेर ठेवण्याची तजवीज आहे. आणि साक्षरतेची अट? ज्यांच्या आईबापांना गुलाम म्हणून शाळेबाहेर ठेवले, त्यांच्याच पोरांना 'तुला लिहिता येत नाही' म्हणून मैदानाबाहेर ठेवायचे. आधी हिरावून घ्यायचे आणि मग नसल्याबद्दल अपात्र ठरवायचे! ही युक्ती आपल्याला नवीन आहे का? अटीत कोणाचेही नाव लिहिलेले नसते. तरी ती अट कोणाला लागणार हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

उत्तर म्हणून बांधलेले स्टेडियम

वास्को १९२५ मध्ये आपल्या खेळाडूंसह त्या संघटनेत दाखल झाला. बारा जणांना काढल्याशिवाय. पण 'तुम्हाला मैदान नाही' हा टोमणा शिल्लक होता. त्यावर क्लबने वर्गणी काढली. सभासदांनी, दुकानदारांनी, कामगारांनी पैसे दिले. बांधकाम १९२६ मध्ये सुरू झाले आणि वर्षाच्या आत पुरे झाले. २१ एप्रिल १९२७ रोजी साओ जानुआरियो स्टेडियम उघडले. साओ पाउलोचे पाकायंबू स्टेडियम १९४० मध्ये होईपर्यंत ब्राझीलमधले ते सर्वांत मोठे स्टेडियम होते. उद्घाटनाचा सामना वास्को सांतोसकडून ३-५ असा हरला. पण तो पराभव आज कोणाच्या खिजगणतीत नाही.

तारीख पाहा. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यानंतर जेमतेम महिनाभराने हे स्टेडियम उघडले. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, आणि तो जोडण्याचा आटापिटाही आम्ही करणार नाही. पण वास्कोने रिओ जिंकले त्याच १९२३ मध्ये मुंबईच्या चौरंगी क्रिकेट स्पर्धेत चर्मकार समाजातले पालवणकर विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला, ही नोंद मात्र आपल्याच इतिहासातली आहे. त्यांचे थोरले बंधू बाळू, त्या काळचे सर्वश्रेष्ठ गोलंदाज, यांना कर्णधारपद कधीच मिळाले नाही. गुणवत्ता तर बाळूंकडेही होती. मग नडले काय?

पुढे साओ जानुआरियोवर सत्तेची नजर पडली. हुकूमशहा जेतुलिओ वार्गासने कामगार दिनाच्या सभा या स्टेडियमात घेतल्या. १ मे १९४० रोजी त्याने इथूनच किमान वेतनाची घोषणा केली. किमान वेतन ही मोठी गोष्ट होती, ती आम्ही नाकारत नाही. पण सभेला आलेल्या कामगाराला ते वेतन हक्क म्हणून मिळाले की मायबाप सरकारची कृपा म्हणून? ज्यांनी पैपैने स्टेडियम उभारले, ते आता त्याच स्टेडियमात टाळ्या वाजवायला रांगेने उभे होते. आणि १९४३ च्या कामगार संहितेने घरकामगार व शेतमजुरांना बाहेरच ठेवले, म्हणजे काळ्या स्त्रियांची आणि काळ्या शेतमजुरांची फार मोठी संख्या बाहेर. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. साओ जानुआरियोचे ते भरगच्च फोटो पाहताना आम्हाला तो आठवतो.

आत घेतले, पण आपले मानले का?

१९५० च्या विश्वचषकासाठी रिओत मराकाना बांधले गेले. ऑगस्ट १९४८ मध्ये काम सुरू झाले आणि १६ जून १९५० ला उद्घाटन झाले. काळा, गोरा, मिश्रवंशीय सारे एका छताखाली बसतील, असे हे नव्या ब्राझीलचे प्रतीक म्हणून मिरवले गेले. पुढे या स्टेडियमला पत्रकार मारिओ फिल्हो यांचे नाव देण्यात आले. ब्राझीलच्या फुटबॉलमधील काळ्या माणसावर १९४७ मध्ये ग्रंथ लिहिणारे ते हेच.

१६ जुलै १९५० चा शेवटचा सामना. तिकिटांच्या अधिकृत हिशेबानेच १,७३,८५० प्रेक्षक. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती. उरुग्वेने २-१ ने हरवले. उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ बारेला स्वतः काळ्या वंशाचा होता, हेही इथे लक्षात ठेवा.

हार अकरा जणांची होती. खापर फुटले ते प्रामुख्याने तिघांवर, गोलरक्षक बार्बोसा, बिगोदे आणि जुव्हेनाल यांच्यावर. तिघेही काळे. 'काळ्याचा दाब सहन करण्याचा पिंड नसतो', 'गोलरक्षक काळा नको' असल्या गोष्टी उघड बोलल्या जाऊ लागल्या. मोआसिर बार्बोसा हा वास्कोचा, साओ जानुआरियोचा खेळाडू. म्हणजे ज्या क्लबने दरवाजा उघडला, त्याचाच माणूस राष्ट्राच्या दरवाजात अडकला. १९९३ मध्ये तो ब्राझीलच्या संघाला भेटायला सराव शिबिरात गेला, तेव्हा अपशकुन नको म्हणून त्याला आत घेतले नाही. एका माणसाची सावली संघावर पडू नये, ही भीती! आपल्या आजोबा-पणजोबांनी सावलीचा विटाळ सोसला आहे. आपल्याला ही भीती कोणी समजावून सांगायला नको. देशात खुनाला जास्तीत जास्त तीस वर्षे शिक्षा आहे, मी मात्र पन्नास वर्षे भोगतोय, अशा अर्थाचे बार्बोसा म्हणत असे. २००० साली तो गरिबीत वारला. त्याच्यानंतर विश्वचषकात ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक म्हणून काळा खेळाडू आला तो दिदा, २००६ मध्ये. छप्पन्न वर्षे!

प्रतिनिधित्वाची मागणी करणाऱ्या आपण सर्वांनी यातून धडा घ्यायला हवा. संघात जागा मिळणे ही पहिली पायरी आहे. जिंकलो तर देशाचे, हरलो तर जातीचे, अशी व्यवस्था कायम असेल तर त्या जागेखाली कधीही खड्डा पडू शकतो.

मराकानाचा दुसरा चेहरा म्हणजे 'जेराल'. मैदानाला लागून, उभे राहून पाहण्याची, सर्वांत स्वस्त तिकिटांची जागा. तिथून खेळ नीट दिसत नसे, पण रिओतल्या झोपडपट्टीतला माणूस तिथे हक्काने येई. २००५ मध्ये नूतनीकरणासाठी जेराल बंद झाले, आणि २०१४ च्या विश्वचषकासाठी झालेल्या कामानंतर स्टेडियम सुमारे ७८ हजार खुर्च्यांचे झाले. तिकिटे महागली. इथेही कोणी 'गरिबांना प्रवेश नाही' अशी पाटी लावली नाही. सुरक्षा आणि आंतरराष्ट्रीय दर्जा या शब्दांनी काम भागले.

आणि स्टेडियमच्या भिंतीबाहेर? 'मराकाना' हा शब्दच मुळी आदिवासी तुपी भाषेतला, एका जातीच्या पोपटाचे नाव. स्टेडियमला लागून एक जुना वाडा आहे. दार्सी रिबेरो यांनी १९५३ मध्ये तिथे आदिवासींचे संग्रहालय सुरू केले होते. संग्रहालय दुसरीकडे गेल्यावर इमारत ओस पडली, आणि २००६ पासून वेगवेगळ्या जमातींचे आदिवासी तिथे राहू लागले. त्यांनी त्या जागेला 'आल्देया मराकाना' म्हणजे मराकाना गाव म्हटले. विश्वचषकाच्या तयारीत सरकारला ती इमारत पाडायची होती. विरोध झाला म्हणून इमारत वाचली, पण मार्च २०१३ मध्ये दंगल पथकाने अश्रुधूर सोडून माणसांना बाहेर काढले. नाव आदिवासींचे ठेवायचे आणि आदिवासींना हाकलायचे. हा विकास ओळखीचा वाटतो ना?

स्टेडियमचा तुरुंग

चिलीची राजधानी सँटियागो इथले राष्ट्रीय स्टेडियम १९३८ मध्ये उघडले. १९६२ चा विश्वचषक इथे झाला. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचे निवडून आलेले सरकार उलथवले आणि दुसऱ्याच दिवसापासून हे स्टेडियम छळछावणी झाले. रेड क्रॉसचे लोक सप्टेंबरच्या अखेरीस आत गेले, तेव्हा सुमारे ७,००० माणसे तिथे कैद होती. पुरुषांना प्रेक्षागृहात आणि कपडे बदलण्याच्या खोल्यांत कोंडले, स्त्रियांना पोहण्याच्या तलावाजवळच्या खोल्यांत. कामगार, विद्यार्थी, शिक्षक, वस्त्यांमधले कार्यकर्ते. चौकशी, विजेचे झटके, गोळ्या. शहरातल्याच दुसऱ्या एका बंदिस्त क्रीडागृहात गायक व्हिक्तोर हारा यांना मारले. ते क्रीडागृह आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

त्याच वर्षी चिलीचा सोव्हिएत संघाशी पात्रता सामना याच राष्ट्रीय स्टेडियमात ठरला होता. फिफाचे पथक ऑक्टोबरमध्ये पाहणीला आले. कैदी तेव्हाही आत होते, त्यांना पथकाच्या नजरेआड ठेवले गेले. पथकाने मैदान पाहिले, गवत पाहिले आणि सर्व ठीक असल्याचा निर्वाळा दिला. सोव्हिएत संघाने येण्यास नकार दिला. २१ नोव्हेंबर १९७३ रोजी चिलीचे खेळाडू समोर कोणीही नसताना चेंडू पुढे नेत गेले आणि कर्णधाराने मोकळ्या जाळ्यात गोल मारला. निकाल चिलीच्या बाजूने लागला. 'खेळात राजकारण नको' हे तत्त्व इतक्या शुद्ध स्वरूपात दुसरीकडे कुठे पाहायला मिळणार? प्रतिस्पर्धी नाही, न्याय नाही, आणि निकाल मात्र नियमानुसार.

पण चिलीच्या लोकांनी विस्मरण होऊ दिले नाही. आजही त्या स्टेडियमात आठ नंबरच्या दरवाजापाशी जुन्या लाकडी बाकांचा एक भाग तसाच ठेवलेला आहे. बाकी सारे स्टेडियम नव्या खुर्च्यांचे. हे बाक १९७३ सालचे. सामना कितीही मोठा असो, तिकिटांना कितीही मागणी असो, त्या बाकांवर कोणी बसत नाही. २००३ मध्ये स्टेडियमला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. हुकूमशाही संपल्यावर १२ मार्च १९९० रोजी नव्या लोकशाहीचा सोहळा याच स्टेडियमात झाला. बेपत्ता केलेल्यांच्या घरच्या बायका तिथे जोडीने करायचा नाच एकट्याने नाचल्या, जोडीदाराची जागा रिकामी ठेवून. आज निवडणुकीत लोक याच स्टेडियमात मतदानाला येतात.

दरवाजा आतूनही उघडतो

शेवटचे उदाहरण उरुग्वेचे. माँटेव्हिडिओचे सेंतेनारियो स्टेडियम देशाच्या पहिल्या संविधानाला शंभर वर्षे झाली म्हणून बांधले आणि १८ जुलै १९३० ला उघडले. संविधानाच्या शताब्दीचे स्मारक म्हणून स्टेडियम! पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना इथेच झाला आणि विजेत्या उरुग्वे संघात जोझे लेआंद्रो आंद्रादे हा महान काळा खेळाडू होता. पन्नास वर्षांनी तिथे लष्करी राजवट होती. आपली सत्ता कायम करणारे नवे संविधान तिने ३० नोव्हेंबर १९८० रोजी जनमताला टाकले. सुमारे ५७ टक्के लोकांनी ते फेटाळले. महिनाभरात याच स्टेडियमात लष्कराच्या आशीर्वादाने जुन्या विश्वविजेत्यांची स्पर्धा सुरू झाली. उरुग्वे १० जानेवारी १९८१ ला ब्राझीलला हरवून जिंकला. लष्कराला हवा होता जयजयकार. प्रेक्षागृहातून घोषणा आल्या, लष्करी हुकूमशाही संपणार! हजारोंच्या गर्दीत कोणाकोणाला पकडणार? १९८५ मध्ये ती संपली.

मित्रांनो, पुढच्या विश्वचषकात रात्र जागून सामने जरूर पाहा, झेंडेही लावा. खेळावर प्रेम करणे म्हणजे गाफील राहणे नव्हे. पण 'मैदानावर फक्त गुणवत्ता चालते' असे कोणी म्हटले की त्याला १९२४ च्या त्या बारा जणांबद्दल विचारा. बार्बोसाबद्दल विचारा. मराकाना गावाबद्दल विचारा. आणि आपल्या तालुक्यात, जिल्ह्यात क्रीडा संकुल उभे राहते तेव्हाही हेच प्रश्न घेऊन जा. जमीन कोणाची गेली? शुल्क किती आहे आणि ते कोणाच्या खिशाला परवडते? निवड समितीवर कोण आहे? पात्रतेच्या अटी कोणी लिहिल्या? माहितीचा अधिकार आपल्या हातात आहे, अर्ज करा.

वास्कोने एकाच वेळी दोन कामे केली. आपल्या माणसांचा बळी देऊन मिळणारा प्रवेश नाकारला, आणि स्वतःच्या वर्गणीतून स्वतःचे मैदान उभे केले. अपमान गिळून आत जाण्यापेक्षा हा मार्ग लांबचा आहे. पण त्या मार्गाने गेलेल्यांनी बांधलेले स्टेडियम शंभर वर्षे होत आली तरी उभे आहे, आणि ज्यांनी अटी घातल्या होत्या त्यांचे संघ आज तिथे पाहुणे म्हणून खेळायला येतात.

जय भीम!